आखाजीचं मागणं

जळगाव
३ मार्च २०२५

प्रिय भाविका,

तुझा पत्ता मला आत्याच्या प्रेमराजने दिला. त्याच्यावर रागावू नकोस. मी त्याला दोन महिने छळलं, तेव्हा कुठे त्याने मडगावचा पत्ता पाठवला आणि वर म्हणाला, "मामी, मी दिला असं सांगू नका." मी लगेच सांगून टाकलं. आमच्या शाळेतल्या सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, पत्राच्या पहिल्या ओळीत खोटं आलं की पुढचं सगळं अक्षर वाकडं येतं. अक्षर तरी सरळ यावं.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचत नाहीस. म्हणून कागद घेतला. हा तू न फोडता टाकलास तरी मला कळणार नाही, तेवढाच मला आधार.

मागच्या आठवड्यात तुझं कपाट आवरलं. हिवाळी स्वेटरांच्या खाली निळ्या पुठ्ठ्याची वही मिळाली. मला आधी गणिताची वाटली. मग राजा, राणी, गुलाम दिसले. प्रत्येक पानावर एकेक डाव, समोरचा कसा खेळला, तू काय केलंस, आणि शेवटी दोन रकाने: 'बरोबर होतं का' आणि 'काय झालं'. कितीतरी ठिकाणी पहिल्यात 'हो' आहे आणि दुसऱ्यात 'हरले'. त्या पानांवर मी बराच वेळ थांबले. बँकेची नोकरी सोडून पोकर खेळतेस हे कळलं तेव्हा मी तुला जुगारी म्हटलं होतं. जुगारी माणूस अशी वही ठेवत असेल असं मला वाटत नाही.

तू तेव्हा म्हणाली होतीस, "आई, एकदा शेवटच्या टेबलावर बसून बघ, मग बोल." तर मी बसणार आहे. या अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, सावद्याच्या घरी.

तू गेल्यानंतर आपल्या आखाजीत एक बदल झालाय. दुपारची तीन पत्ती बंद झाली. प्रेमराजने पुण्याहून प्लास्टिकच्या चकत्यांचा डबा आणला आणि सगळ्यांना पोकर शिकवलं. पैसा अजिबात नाही, आजोबांनंतर घरात थोरले तुझे आबाकाका, ते तो ओसरीवर चढू देत नाहीत. सगळ्यांना सारख्या चकत्या मिळतात. ज्याच्या संपल्या तो उठतो. शेवटी एकच उरतो, आणि मागणं त्याचं. ते मात्र तुझ्या आजोबांच्या वेळचंच आहे. जिंकणाऱ्याने घराकडे एक गोष्ट मागायची आणि घरातल्या मोठ्या माणसाने नाही म्हणायचं नाही.

मागण्याची ताकद मला माहीत आहे. तू पाच वर्षांची असताना तुझ्या बाबांनी मागितलं होतं, "मला जळगावला वेगळं बिऱ्हाड करू द्या, पोरीला चांगल्या शाळेत घालायचंय." आजोबा तासभर झोपाळा हलवत बसले. मग म्हणाले, "जा लीलाधर." बाबा आता नाहीत, म्हणून या वेळी मी बसते.

मी तुला मागणार आहे. खानदेशातल्या प्रत्येक घरात आखाजीला लेक येते आणि आपल्या घरात तीन वर्षं आली नाही. आबांनी तुला दार बंद केलं. ते मी त्यांच्याच हाताने उघडून घेणार आहे.

तुझी,
आई


जळगाव
२२ मार्च

प्रिय भाविका,

उत्तर आलं नाही. येईल म्हणून लिहिलंही नव्हतं.

माझा अभ्यास चालू आहे. आता मला एवढं येतं: प्रत्येकाला दोन पानं, लपवून. मधे पाच पानं, उघडी, पण एकदम नाही. आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. सातांतून ज्याची पाच चांगली, तो जिंकला. आणि प्रत्येक टप्प्यावर लावायचं, नाहीतर पानं टाकून बाजूला व्हायचं. नियम दोन दिवसांत आले. खेळ अजून येत नाही.

माझ्यासोबत खेळायला भिकुबाई आहे. तुला ती माहीत नाही, गेल्या वर्षापासून पोळ्यांना येते, शिरपूरकडची आहे. पोळ्या झाल्या की आम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर बसतो. चकत्यांऐवजी चिंचोके. भिकुबाईला मी नियम समजावले, तिने मान डोलावली, आणि पहिल्याच डावात सगळे चिंचोके पुढे ढकलले.

मी म्हटलं, "अगं, पानं तरी बघ."

"माले काय देखानं? मी बठ्ठं लावस. तुम्ही घाबरतस का नही, ते देखस."

आणि मी घाबरले. पानं टाकली. पुढच्या डावातही तिने तेच केलं आणि मी तेच केलं. चार दिवसांत माझे चिंचोके सात वेळा संपले. एकदा तर माझ्याकडे दोन गुलाम होते, चांगली जोडी, तरी टाकले, आणि तिच्याकडे तिर्री आणि अठ्ठी. "बाई," ती पदराने घाम पुसत म्हणाली, "तुमनी शाया वाया गई." माझी सगळी शाळा वाया गेली म्हणे.

तुझ्या वहीत असल्या लोकांवर तीन पानं आहेत. वर तू लिहिलंयस, 'आंधळे मारणारे'. खाली: 'यांच्याशी हुशारी करू नये. यांना घाबरवता येत नाही, कारण ते पानं बघतच नाहीत. चांगला हात येईपर्यंत थांबायचं. आला की आपण आवाज करायचा नाही, त्यांना लावू द्यायचं. आणि त्यांनी लावलं की मागे फिरायचं नाही.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा आहेत.

सावद्याला असा माणूस एकच आहे, आबांचा नवीन, तुझा नवीनदादा. गेल्या वर्षी प्रेमराजसमोर तो शेवटच्या दोघांत होता. या वर्षी त्याला गोठा मागायचाय. जुना गोठा पाडून तिथे केळी पिकवायची शीतखोली बांधायची, असं त्याच्या मनात आहे आणि आबा तयार नाहीत. म्हणजे तोही जिवावर उदार होऊन खेळणार.

थांबणं मला जमतं गं. आयुष्यभर तेच केलंय. दोन रेघांच्या वाक्याची मला भीती वाटते.

आई


धुळे
१० एप्रिल

प्रिय भाविका,

चार दिवस हितेंद्रमामाकडे आले आहे. देवपुरातल्या गच्चीवरून अजून आमच्या शाळेचं पिंपळाचं झाड दिसतं. काल फाटकापर्यंत जाऊन आले. सिस्टर अ‍ॅग्नेसना जाऊन आता वीस वर्षं झाली. रविवारी दुपारी त्या एकट्या बसून पत्ते लावायच्या, माहीत आहे? खिडकीतून आम्ही बघायचो. एखादं पान चुकीच्या जागी ठेवून डाव पुढे नेता आला असता तरी त्या ठेवत नसत. सगळे पत्ते गोळा करून पुन्हा पिसायच्या. आम्हा पोरींना त्याचं हसू यायचं.

मामाशी रोज संध्याकाळी जेवणाआधी खेळते. तो सावध खेळतो, मला वाटलं त्याच्याशी जमेल. परवा मला दोन राण्या आल्या. मामाने थोडं लावलं, चष्मा वर केला आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी राण्या टाकल्या. त्याने माझी पानं उलटून बघितली आणि हसत सुटला. मामी स्वयंपाकघरातून विचारते, काय झालं, तर हा सांगतो, "ताईनी दोन राण्या फेकी दिध्यात, मनाकडे काहीच नव्हतं." त्याच्या हातात खरंच साधी जोडीही नव्हती.

मग मला म्हणाला, "ताई, तू तुना पत्ता देखसच नही. समोरलाना तोंडकडे देखत बठस."

त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी गच्चीवर जाऊन बसले.

इथे आले की मला माझी आखाजी आठवते. लग्नानंतर आठ वर्षं, वडील स्वतः एसटी स्टँडवर उभे असायचे. गाडी उशिरा आली तर उसाचा रस पिऊन पुन्हा येऊन उभे. मी उतरले की पिशवी हातातून घेत आणि एकच वाक्य बोलत, "उन्हाची आलीस." मामीने काल सहज विचारलं, "भाविका या वर्षी तरी येते का हो?" मी म्हटलं, "आबांचं अजून मन वळलेलं नाही." हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की आता तोंडातून आपोआप येतं.

आज सकाळी सावद्याला फोन करून आबांना सांगितलं, "दादा, या आखाजीला मी खेळायला बसणार." ते म्हणाले, "बस. बायांनी बसू नये असं कोनं म्हटलं?" पलीकडून नवीनचा आवाज आला, "काकू, जेवणं आटोपली की लगेच उठवू का तुम्हाला? पहिल्याच डावात?"

वीस दिवस राहिले.

आई


सावदा
१ मे

प्रिय भाविका,

काल आखाजी झाली. मी जिंकले. हे आधीच सांगते, नाहीतर तू पुढचं वाचताना उगीच श्वास रोखशील. रोखत असशील तर.

सकाळी पितरांच्या घागरी भरल्या. तुझ्या बाबांच्या घागरीवर मी आंबा आणि सांजोरी ठेवली. थोरल्या जाऊबाई सुनंदाअक्कांनी डांगर ठेवलं, पिकलेलं खरबूज. जेवणं बाराला आटोपली. दीड वाजता ओसरीवर दोन टेबलं लागली. चौदा जण, त्यात बाई मी एकटी. चकत्या वाटताना प्रेमराजने सगळ्यांना पुन्हा सांगितलं: प्रत्येक डावाला सक्तीने लावायच्या चकत्या दर अर्ध्या तासाने दुप्पट होणार. म्हणजे नुसतं पानं टाकत बसलं तरी चकत्या झिजत जातात. तुला हे सांगायला नको, पण मला काल ते अंगाला कळलं. कूलरच्या समोर बसूनही माझी पाठ ओली होती.

नवीन पहिल्यापासून तसाच खेळला. "सगळं." प्रत्येक दुसऱ्या डावाला, "सगळं." पहिल्या तासात त्याने चौघांना उठवलं, त्यातल्या दोघांची पानं त्याच्याहून चांगली होती. शेवटचं पान त्याच्याच बाजूने पडायचं. उठलेले लोक आंब्याच्या बाठ्या चोखत त्याच्याच मागे उभे राहायचे. हरवणाऱ्याच्या मागे माणसं का उभी राहतात, मला कळत नाही.

मी थांबले. शेंगेतला दाणा निवडावा तशी पानं निवडली. साडेतीनला एकच टेबल उरलं, आम्ही सहा जण, आणि मला दोन राण्या आल्या.

धुळ्याच्याच दोन राण्या, इस्पिक आणि बदाम. नवीनने पानांना हात लावला न लावला आणि म्हणाला, "सगळं." मग माझ्याकडे वळून, "काकू, जपून. नंतर म्हणाल पुतण्याने कापलं."

मी त्याच्याकडे बघितलं. भाविका, मी त्याच्याकडेच बघितलं. त्याचा रुंद चेहरा, मिशीखालचं हसू, मागे उभी असलेली आठ माणसं. मी राण्या टाकल्या. त्याने आपली पानं उलटी करून टेबलावर आपटली. चौरी आणि नव्वी. ओसरी हसली. आबा झोपाळ्यावर बसले होते, ते हसले नाहीत. तेवढं एक मला दिसलं.

त्यानंतर अर्धा तास मी नुसती पानं टाकत होते. चकत्या एवढ्या उरल्या की मुठीत मावतील. सुनंदाअक्का चहा घेऊन आल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "उठ आता. दमलीस." मी म्हटलं, "अजून आहेत, अक्का." मग मला एक्का-राजा आले. नवीन "सगळं" म्हणाला आणि या वेळी मी टेबलाच्या लाकडाकडे बघत माझ्या ढकलल्या. एक्का मधे पडला. माझ्या दुप्पट झाल्या. थोड्या वेळाने पुन्हा तसंच, दुसऱ्याशी. पाच वाजता आम्ही तिघं. सव्वापाचला नवीनने प्रेमराजला उठवलं. उरलो आम्ही दोघं. त्याच्याकडे दोन भाग, माझ्याकडे एक.

प्रेमराज पानं वाटायला बसला. मी माझी दोन उचलली. किलवर एक्का. चौकट एक्का.

माझ्या कानात आवाज बंद झाला. खरंच सांगते. कूलर चालू होता तरी ऐकू येईना. याहून चांगली दोन पानं या खेळात नाहीत. मला वाटलं, आत्ताच सगळं लावावं आणि सुटावं. मग तुझं अक्षर दिसलं: आपण आवाज करायचा नाही. मी फक्त लावायलाच लागतं तेवढं लावलं आणि चहाचा कप उचलला. तो रिकामा होता. तरी प्यायले.

नवीनने पाठ मागे टेकली. "काकू आज काही जोरात नाहीत. बरं, सगळं."

एवढ्यात मला नकोच होतं ते झालं: मी पुन्हा भ्यायले. दोन एक्के हातात असताना. त्याच्याकडे काही असलं तर, मधे काही पडलं तर, उठावं लागलं तर, तुला मागायचं राहून गेलं तर. वर्षभर पुन्हा तेच वाक्य, आबांचं मन वळलेलं नाही. प्रेमराज हळूच म्हणाला, "मामी?"

मी पानांकडे बघितलं. एक्के एक्केच होते. मी म्हटलं, "बघते."

नवीनकडे सत्ती आणि छक्की. पहिली तीन पानं: पंजी, राजा, अठ्ठी. त्याला आता चौरी किंवा नव्वी पडली की ओळीने पाच होणार होती. मागची माणसं ओरडायला लागली, "चौरी, चौरी." चौथं पान दुर्री. मी पदर दाताखाली धरला होता, ते मला नंतर अक्कांनी सांगितलं. शेवटचं पान प्रेमराजने फार हळू उलटलं. गुलाम.

नवीन तसाच बसला. मग त्याने पुढचा डाव पानं न बघताच लावला, सगळा, उरला तेवढा. माझ्याकडे दश्शीची जोडी होती. या वेळी मी वाट पाहिली नाही. पहिल्या तिनात त्याचा राजा जुळला, तो पुढे गेला, मागे टाळ्या झाल्या. चौथ्यात काही नाही. शेवटी दश्शी पडली.

तुझ्या वहीत लिहायचं तर, पहिला डाव: बरोबर होतं, हो. जिंकले. दुसरा डाव: बरोबर होतं, हो. पण जिंकले ती कृपा होती. हरलेही असते आणि पहिला रकाना तोच राहिला असता. मला तुझं काम एवढं तरी कळलं.

मग आबांनी झोपाळा पायाने थांबवला आणि म्हणाले, "कामिनी, माग."

मी मागितलं. पुढे काय झालं ते आज मला लिहवत नाही. इथे माणसं आहेत, नवीनची पोरं माझ्या मांडीवर चढताहेत. घरी जाऊन लिहीन.

आई


जळगाव
५ मे

भाविका,

तीन कागद फाडले. हा चौथा.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "दादा, माझ्या भाविकाला या घरात यायची परवानगी द्या. आखाजीला माझी लेक घरी यायला हवी."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, "तिले ये नको कोनं म्हटलं?"

मी म्हटलं, "तुम्ही. तीन वर्षांपूर्वी. इथेच. पत्ते खेळून पोट भरणारी पोर मला दारात नको, असं म्हणालात."

"म्हटलं. वरडलो. मी तं रोज वरडतो. गड्यावर वरडतो, याच्या मायवर वरडतो, या नवीनवर तं दिवसातून चार डाव वरडतो. कोनी घर सोडून गेलं का?" मग नवीनकडे बोट करून, "वरडून झालं आन अर्ध्या तासानं मीच याले गाडी देऊन जळगावले धाडलं. म्हटलं पोरगी उन्हाची टेसनावर उतरंल, जा, घेऊन ये. पोरगी कुठी होती तिथी?"

नवीन चकत्या डब्यात भरत होता. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "दोन तास उभा होतो काकू. सगळ्या फलाटांवर बघून आलो. तुम्हाला फोन केला, तुम्ही म्हणालात, ती येणारच नव्हती, तिचं रद्द झालं."

हो. मी असं म्हटलं होतं.

आता मी तुला सांगते, जे तुला माहीत आहे आणि जे नाही ते. तू स्टेशनवरून फोन केलास तेव्हा मी सावद्याच्या स्वयंपाकघरात सांजोऱ्या तळत होते. तू म्हणालीस, "आई, उतरले, बसने येऊ का रिक्षा करू?" तुझ्या आवाजात मुलूख जवळ आल्याचा आनंद होता. मी म्हटलं, "येऊ नकोस. आबांनी तुला दार बंद केलंय. पुढची गाडी पकडून परत जा." तू म्हणालीस, "मग जळगावच्या घरी जाते." मी म्हटलं, "किल्ली माझ्याकडे आहे." मग फोन बंद झाला. एवढं तुला माहीत आहे.

तुला माहीत नाही ते हे. त्या सकाळी शेजारच्या पुष्पाबाईंनी चार बायांसमोर मला विचारलं होतं, "तुमची भाविका आता काय करते हो? नोकरी सोडली म्हणे, आणि ते जमलेलं लग्नही." मला तुझी लाज वाटली. नंतर आबा ओरडले. आणि मला, देव मला क्षमा करो, मला सुटल्यासारखं झालं. माझ्या मनातलं वाक्य दुसरं कोणी बोललं होतं. मी ते उचललं आणि तुला फोनवर दिलं, त्यांच्या नावाने. आबांना एकदा उलटून विचारलं असतं, "दादा, खरंच का?", तर ते तिथेच विरघळले असते. मी विचारलं नाही, कारण मला त्यांचं 'नाही' हवं होतं.

तीन वर्षं मी सगळ्यांना तेच सांगितलं. मामीला, शेजाऱ्यांना, तुझ्या बाबांच्या फोटोला. पहिल्या पत्रात तुलाही तेच लिहिलं, अक्षर सरळ यावं म्हणताना.

दार मी बंद केलं होतं, भाविका. किल्लीही माझ्याचकडे होती.

ओसरीवर मी किती वेळ उभी होते माहीत नाही. आबा म्हणाले, "हे मागनं वाया गेलं. जे तुहं आहे ते मागता येत नाही. दुसरं माग." नवीन डब्याचं झाकण लावत म्हणाला, "मग माझा गोठा मागा ना काकू, तुम्हाला दुसरं काय हवंय." कोणी तरी हसलं. मी मागितला. आबा चिडून आत गेले. गोठा नवीनला मिळाला. जाताना तो माझ्या पाया पडला आणि खाली वाकलेला असतानाच म्हणाला, "तिचा राग आला होता मला. तिने कळवलं नाही म्हणून. फुकट आला."

आता पुढच्या आखाजीला ये असं मी लिहिणार नाही. आबांनी निरोप दिलाय, तो फक्त पोचवते: ते म्हणाले, तिला सांग, मी ओरडीन, तिने कान बंद ठेवावे. त्यावर काय करायचं ते तू बघ. बोलावण्याचा हक्क त्यांना आहे. मला वाटत नाही मला आहे.

मी येते आहे. ११ तारखेला भुसावळहून गाडीत बसेन, दुसऱ्या दिवशी मडगाव. तुझ्या घरी येणार नाही. स्टेशनवर उतरून तुला फोन करीन. तू उचलला नाहीस तर परतीचं तिकीटही काढलंय, संध्याकाळचं. तोवर फलाटावर बसून राहीन, तुला त्रास देणार नाही. उचललास आणि परत जा म्हणालीस, तर तेही ऐकेन. तू ऐकलं होतंस.

आणि परत जा म्हणाली नाहीस, तर जास्त काही बोलू नकोस. मला अनोळखी गाव आहे. एवढंच सांग, स्टेशनाच्या कुठल्या बाजूने बाहेर पडू.

आई